शेवटच्या ओळीतलं नाव

सुधीर,

आज सकाळी सहाला तुझा निरोप आला. 'नमस्कार मंडळी. वणी, दिंडोरी भागात पहाटे दव भरपूर आहे. बागेत पानं ओली असताना...' वगैरे वगैरे, आणि सगळ्यात खाली रोजच्यासारखं, 'आपला, सुधीर'. त्याखाली ऑफिसचा फोन नंबर. मी दात घासत होते. तोंडात फेस, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फोन, तशीच बेसिनपाशी उभी राहिले. परवा तुझा दहावा झाला आणि आज तू मला कांद्याच्या रोपाला पाणी कमी द्या म्हणून सांगतोयस.

तो तू नाहीस हे मला कळतं. माझ्याइतकं कुणाला कळणार? पाचला गावोगावच्या हवामानाच्या पेट्यांचे आकडे येतात, आपला प्रोग्राम ते वाचतो, ज्या त्या शेतकऱ्याच्या गावाप्रमाणे आणि पिकाप्रमाणे सल्ल्याचे तुकडे उचलतो, एकाखाली एक लावतो आणि सहाला पाठवून देतो. शेवटचा तुकडा तुझं नाव. ते कुणी काढलं नाही म्हणून येतंय. काढता येईल अशी आता मी एकटीच उरले आहे, आणि इतके दिवस मी तेच टाळतेय. कळवणपासून सिन्नरपर्यंतची माणसं रोज सकाळी तुझ्या नावाचा सल्ला वाचून बागेत जातायत, आणि तू नाहीस. हे असं चालू ठेवायचं की नाही, आणि नाही तर तिथे कुणाचं नाव घालायचं, एवढं मला ठरवायचंय. पण तुझ्याशी भांडल्याशिवाय मी त्या प्रोग्रामला कधी हात लावलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

तुला 'मेल्या' म्हणायची सवय होती मला. कालपण तुझा पासवर्ड आठवेना तेव्हा तोंडातून निघणारच होतं. ओठापर्यंत आलं आणि मागे फिरलं.

आपलं पहिलं कडाक्याचं भांडण कशावरून झालं हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो आपल्याला वेड्यात काढेल. मजकूर कसा जोडायचा यावरून. कॅनडा कॉर्नरच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या या दोन खोल्या तेव्हा नुकत्याच घेतल्या होत्या आणि मी मोठ्या हौसेनं पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत निरोपाचा पहिला प्रोग्राम लिहिला होता. सगळ्या शेतकऱ्यांचे निरोप मिळून एक लांबच लांब मजकूर करायचा आणि तो पुढे पाठवायचा. मी सरळ लिहिलं होतं. एक ओळ तयार झाली, मागच्या मजकुराला जोडली. दुसरी झाली, जोडली. वाचणाऱ्याला कळेल, लिहिणाऱ्याला कळेल. आणि तो प्रोग्राम पाचला जो बसायचा तो सात वाजले तरी उठायचा नाही. तोवर लोकांची अर्धी फवारणी उरकलेली असायची.

तू माझ्या खुर्चीमागे उभा राहून ते वाचलंस आणि कपाळावर हात मारलास.

'विद्या, अगं तू दर खुर्चीला घर बदलतेस.'

'म्हणजे काय?'

'ह्या भाषेत एकदा तयार झालेला मजकूर बदलत नाही. त्याला शेपूट लावायचं म्हटलं तरी ती नवीन मोठी जागा शोधते, जुनं सगळं तिथे उतरवून घेते, मग तुझी एक ओळ खाली लावते आणि जुनं टाकून देते. म्हणजे तू एक खुर्ची आणलीस की सगळं सामान टेम्पोत भरून नव्या घरात. दुसरी खुर्ची आणलीस की परत टेम्पो.'

'बरं. मग तू काय करशील?'

'मी सगळ्या खुर्च्या आधी अंगणात गोळा करीन. सगळ्या आल्या की केवढं घर लागतंय ते कळतं. मग एकच घर घ्यायचं आणि एकदाच सगळं आत न्यायचं.'

तसंच केलंस. ओळी जोडायच्याच नाहीत, नुसत्या एका यादीत टाकत राहायचं आणि सगळ्यात शेवटी एकदाच सांधायच्या. मी चहा सांगायला खाली गेले आणि चहा घेऊन वर आले तोवर सगळे निरोप तयार. तू खुर्चीत मागे रेलून हसत होतास. मी म्हटलं, कॉम्प्युटर जुनाट आहे म्हणून माझ्या पद्धतीला वेळ लागत होता. ते मी शेवटपर्यंत म्हणत राहिले.

आणि खरं सांगू का, मी अगदीच चूक नव्हते. नंतर कुठेतरी वाचलं की आता ती भाषा हुशार झाली आहे. जुना मजकूर दुसऱ्या कुणी धरून ठेवलेला नसेल तर ती सगळं सामान हलवत नाही, आहे त्याच जागी शेपूट वाढवते. मी ते नाचत येऊन तुला दाखवलं. तू चष्मा वर करून वाचलंस आणि म्हणालास, 'नसेल तर ना? कुणी धरलेलं असेल तर? दुसरीकडून कुणी त्याच्याकडे बघत असेल तर?' मी म्हटलं, 'कोण बघतंय सुधीर, आपण दोघंच तर आहोत.' तू म्हणालास, 'योगायोगावर प्रोग्राम चालवू नये.' मी म्हटलं, 'दोन्ही पद्धती चालवून, मोजून दाखवते. सोमवारी.' तू म्हणालास, 'दाखव, सोमवारी समोसे तुझ्याकडून.'

रविवारी तू गेलास.

ती चाचणी लिहून तयार आहे. एक बटण दाबलं की आकडे समोर येतील आणि कोण खरं ते कळेल. मी दाबलेलं नाही आणि दाबणारही नाही. तू जिंकलास तर मला चिडवायला तू नाहीस, मी जिंकले तर तुझं तोंड बघायला मिळणार नाही. राहू दे ते भांडण तसंच.

पण तुझी ती पद्धत फक्त प्रोग्रामपुरती असती तर मी आज इतकी चिडले नसते. तू जगायचासच तसा. घरमालकांचं आठवतं? छत गळायचं, जिन्यातला बल्ब लागायचा नाही, नळाला पाणी नाही. मी रोज एक तक्रार घेऊन फोन करायचे. शेवटी त्यांनी माझा फोन उचलणंच बंद केलं. तू सहा महिने तोंडातून ब्र काढला नाहीस, आणि एका सकाळी त्यांना बोलावून, खुर्चीत बसवून, पाणी देऊन, बल्बपासून छतापर्यंत सगळं एका दमात सांगितलंस. माणूस इतका गडबडला की आठवड्यात सगळं दुरुस्त करून दिलं, वर दिवाळीला चिवडा पाठवला. 'बघ, गोळा करून एकदाच,' म्हणालास. मी म्हटलं, 'सहा महिने गळक्या छताखाली बसलो त्याचं काय?'

आणि त्या पद्धतीनं तू एकदा सपशेल तोंडावर आपटलास हेही मला इथे लिहायचंय. तू गेलास म्हणून तुझं सगळंच गोड गोड लिहिणाऱ्यातली मी नाही. त्या दिवशी कळवण भागातल्या पेट्या बंद होत्या, सल्ल्याचे तुकडेच नव्हते, फक्त एक सूचना पाठवायची होती. तू घाईघाईत ती सूचना यादीत न टाकता तशीच सांधायला दिलीस. प्रोग्राम बिचारा सांगितलं ते करणार. तुकडे नाहीत म्हटल्यावर त्यानं अक्षरं हेच तुकडे धरले, आणि एकेक अक्षर वेगळ्या ओळीवर टाकलं. आपली अक्षरं पडली काना-मात्रावाली. त्यामुळे काना एका ओळीत, वेलांटी दुसऱ्या ओळीत, आणि खाली खाली खाली अशी वीतभर लांब माळ सगळ्या तालुक्याच्या फोनवर. 'इंग्रजांचं बरं, त्यांची अक्षरं सुटी पडली तरी अक्षरंच राहतात,' असं तू नंतर म्हणालास, पण त्या सकाळी तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

सहा वाजून गेले आणि फोन सुरू झाले. कळवणहून एकानं विचारलं, 'साहेब, मंत्र पाठवला का काय?' आणि वणीजवळचे पोपटकाका, ज्यांची जेमतेम दोन-तीन एकर द्राक्षबाग आणि तोंड मात्र पंधरा एकरांचं, त्यांना तर निरोप नीट आला होता. त्यांच्या कळवणच्या मेव्हण्याचा बिघडला होता. तरी फोन यांचा. 'ओ, हे कोन पाठवतं? खाली नाव नाय, गाव नाय. शिव्या द्यायच्या तर कोनाला द्यायच्या मानसानं?' तू म्हणालास, 'मला द्या काका. मी सुधीर.' काकांनी दिल्या. तू ऐकल्यास. मग त्यांनी मेव्हण्याच्या डाळिंबाचं विचारलं आणि तू अर्धा तास बोलत बसलास. त्याच दुपारी तू निरोपाला तो शेवटचा तुकडा लावलास. मी म्हटलं, 'कंपनीचं नाव टाक ना, तुझं कशाला?' तर म्हणालास, 'कंपनीला शिव्या देऊन कुणाचं समाधान होत नाही गं.'

तेव्हापासून तुझ्या टेबलावरचा तो फोन वाजत आलाय. अजून वाजतो. मी उचलत नाही. वाजून वाजून थांबतो, मग मी परत श्वास घेते.

उन्हाळ्यापासून तू आपला जिना चढताना मध्येच थांबायला लागला होतास. एका मजल्याचा तो जिना, पण मधल्या वळणावर तू कठड्याला धरून उभा. मी विचारायचे, तू म्हणायचास, ॲसिडिटी. 'डॉक्टरकडे गेलास का?' 'जातोय गं. सगळं हातात येऊ दे, मग तुम्हा दोघींना एकदाच सांगतो.' दोघी म्हणजे मी आणि सुनीतावहिनी. मी ते वाक्य ऐकलं. तुझ्या तोंडचं ते वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यात वेगळं काही वाटलंच नाही.

त्या रविवारी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी आधी वहिनींकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'ऑपरेशनची तारीख ठरवा म्हणून त्यांना मी सांगितलं होतं. घरी बोलले नाहीत?' वहिनींना वाटलं मला माहीत असेल, कारण दिवसभर तू माझ्यासमोर. मला वाटलं त्यांना माहीत असेल. तू कुणालाच सांगितलं नव्हतंस हे आम्हा दोघींच्याही लक्षात एकदमच आलं.

अरे गाढवा! काय काय गोळा करत होतास? हंगाम संपू दे, बिलं वसूल होऊ देत, दुसऱ्या डॉक्टरचंही मत येऊ दे, कुणाला घाबरवायचं नाही, नीट मांडणी करून सांगायचं. बरोबर ना? आम्हाला तुकड्या-तुकड्यानं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? आज एवढंच कळलंय म्हणाला असतास. मी आरडाओरडा केला असता, वहिनी रडल्या असत्या, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं कळलं असतं, परत रडलो असतो. पण तोवर तुला उचलून ऑपरेशनच्या टेबलावर घातलं असतं ना रे! मला तुझा इतका राग आलाय की कधी कधी रडूसुद्धा येत नाही.

दहाव्याला गोदेच्या काठी तुझा कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं मागे सरकली नाहीत तोच आला. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. कुणीतरी म्हणालं, 'समाधानानं गेला माणूस, काही राहिलं नव्हतं मागं.' मी बायकांच्या घोळक्यात सगळ्यात मागे उभी होते. ऑफिसातल्या बाई. मला तिथे पुढे जायचा काय हक्क? पण मनातून मी त्या कावळ्यावर उखडले. काही राहिलं नव्हतं? सोमवार राहिला होता. तुझं ते 'एकदाच सांगतो' राहिलं होतं. निदान दहा मिनिटं तरी ताटकळवायचं होतंस आम्हाला. भटजी पुढच्या मंडळींकडे वळले आणि आम्ही चपला शोधायला लागलो.

आणि मला अजून एक कळलंय, ते तुला आवडेल. माझी पद्धत खरंच महाग आहे. रोज सकाळी उठते, एक दिवस पुढे जोडायचा असतो, आणि तेवढ्यासाठी मागचं सगळं परत उचलावं लागतं. जिना, ॲसिडिटी, हॉस्पिटलमधला तो बाक, वहिनींचा चेहरा. सगळं नव्या जागी उतरवायचं, मग कुठे आजचा दिवस खाली लागतो. दुसऱ्या सकाळी परत तेच. दुपारपर्यंत मी दमून जाते. ऑफिसात येते, डबा उघडते, अर्धा खाते, अर्धा खालच्या कुत्र्याला. इतकी वर्षं मी एकटी राहते असं लोक म्हणायचे आणि मला हसू यायचं. दिवसभर तुझ्याशी वाद घालून घरी जायचे, तर घरची शांतता बरी वाटायची. आता ती शांतता मला खायला उठते. टीव्ही लावून ठेवते, काय लागलंय ते कळत नाही.

आई गेली तेव्हा तू घरी आला होतास. गिझर बंद आहे हे कुठून तरी तुझ्या लक्षात आलं आणि तू स्टूल घेऊन बाथरूममध्ये शिरलास. बाहेर बायका येतायत, रडतायत, आणि तू आत ठोकाठोक करतोयस. मला इतका संताप आला होता! दुसऱ्या दिवशी पहाटे गरम पाणी आलं तेव्हा मी बादलीपाशी बसून पोटभर रडले. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. सगळं लगेच सांगून टाकणारी बाई मी, एवढंच तेवढं राहून गेलं. तुझे उपकार आहेत माझ्यावर. घे, सांगितलं.

इथपर्यंत लिहून काल थांबले होते. कारण जिन्यावर पावलं वाजली आणि सुनीतावहिनी आल्या. तुझा स्वेटर आणि इथल्या चपला न्यायला. इतक्या वर्षांत त्या किती वेळा वर आल्या असतील? दिवाळीला, पूजेला. तुझ्या खुर्चीत बसल्या नाहीत, समोरच्या स्टुलावर बसल्या. मी चहा सांगितला.

'निरोप येतो मला रोज,' त्या म्हणाल्या. 'माझा नंबर घालून ठेवलाय ना त्यांनी. वणीचा द्राक्षवाला शेतकरी म्हणून.'

ते मी विसरूनच गेले होते. चाचणीसाठी तू वहिनींच्या नावावर दोन एकर बाग घातली होतीस. आम्ही दोघी हसलो. मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

शेवटी मी विचारलं, 'वहिनी, खालचं नाव... राहू दे का तसंच? तुम्ही म्हणाल तसं.' मला वाटलं होतं त्या राहू दे म्हणतील. खरं म्हणजे त्यांनी तसं म्हणावं अशी माझीच इच्छा होती.

'काढा ते,' त्या म्हणाल्या.

'काढू?'

'उद्या सल्ला चुकला, कुणाचा माल गेला, तर लोक कुणाला बोलतील? नाव यांचं. हे काय उत्तर द्यायला येणार आहेत का? मेलेल्या माणसाला लोकांनी शिव्या घालायच्या आणि त्याला फोनही उचलता येऊ नये? मला नाही चालणार, विद्याताई.'

'मग कुणाचं टाकू?'

'तुमचं. दुसरं कोण आहे इथं?'

'अहो, मला काय कळतं त्यातलं! मी इथे शहरात, शरणपूर रोडला वाढलेली. द्राक्षं म्हणजे मला प्लेटमधलीच माहीत.'

'यांना तरी कुठं कळत होतं? सिन्नरला आमच्या सासऱ्यांची बाजरी होती, द्राक्षाचा वेलपण नव्हता. हे फोन उचलायचे, एवढंच.'

तेवढ्यात तो फोन वाजला. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत बसले. तो वाजून थांबला. त्यांनी चहा संपवला, स्वेटर पिशवीत घातला. दारात मात्र वळल्या आणि म्हणाल्या, 'माझा नंबर काढू नका हं. नाव कुणाचंही असू दे. मला येत राहू दे सकाळचा.' मी मान हलवली. जिना उतरताना त्या मधल्या वळणावर क्षणभर थांबल्या, ते मी वरून पाहिलं.

त्या गेल्यावर मी प्रोग्राममधली तुझी यादी उघडली. सगळे तुकडे एकेक करून पडत जातात आणि सगळ्यात शेवटी तू. मी तुझं नाव पुसलं. तिथे 'आपली, विद्या' लिहिलं. एकदा चुकलं, परत लिहिलं. तुझी सांधायची पद्धत तशीच ठेवली आहे, काळजी करू नकोस. सगळ्या शेतकऱ्यांना एक निरोप पाठवून तुझं कळवावं असंही मनात आलं. ती सूचना लिहायला घेतली आणि जमेना. तू आठ ओळींत नीट बसलास आणि एका बटणावर सगळ्यांना पोचलास, हे मला सहन होईना. जो विचारेल त्याला मी सांगेन, असं ठरवलं.

आज सकाळी सहाला निरोप गेला. मी साडेसातलाच ऑफिसात आले. पोचते न पोचते तोच तुझा फोन वाजला. मी उचलला.

'कोन बोलतंय?' पोपटकाका.

'विद्या बोलतेय काका. ऑफिसातून.'

'हां, मंग तुमचंच नाव आलंय आज. मी म्हनलं हे कोन नवीन? भाऊ सुट्टीवर हायेत का?'

'काका, सुधीर वारले.'

हा शब्द मी आजवर उच्चारला नव्हता. घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, सगळ्यांनी माझ्यासमोर उच्चारला, मी मान हलवत राहिले. पलीकडे मोटरीची घरघर ऐकू येत होती.

'कवा?'

'दहावा झाला त्यांचा.'

'आन् आमाला तर रोज निरोप येत व्हता. त्यांच्या नावाचा.'

'हो काका. ते मशीन होतं.'

'मशीन व्हतं,' काका म्हणाले. मग नाक ओढल्याचा आवाज आला. 'लय गोड मानूस. मी किती शिव्या दिल्या त्याला. कधी फोन ठिवला नाय मधी.' पुढे म्हणाले, 'ताई, ह्यो टाईम नाय पन इचारतो. फवारनीचा ब्लोअर जोडून ठिवलाय. मजूर अकराशिवाय यायचा नाय, म्हंजी दुपारच होईल. औषध मारू का थांबू?'

मी वणीच्या पेटीचे आकडे उघडले. पुढच्या तासांचा अंदाज उघडला. तू कसं बघायचास ते आठवत बोटानं एकेक ओळ खाली वाचत गेले. दोनदा वाचली.

'थांबा काका. दुपारनंतर वारा आहे. औषध सगळं शेजाऱ्याच्या बागेत जाईल. उद्या पहाटे मारा.'

'आत्ता तर पान हलंना इथं.'

'तरी थांबा.'

'तुमी म्हनता तर थांबतो. पन वारा नाय आला तर फोन करीन बरं का मी. मंग ऐकून घ्यावं लागंल.'

'करा. मी उचलीन.'

फोन ठेवला आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. डबा उघडलाच नाही. दर थोड्या वेळानं वणीचा आकडा बघायचे. बारा वाजले, पान हलत नव्हतं. एक वाजला, काही नाही. एक दिवस वाया घालवला मी म्हाताऱ्याचा, असं मनाला खात राहिलं. तुझं नाव पुसलं आणि पहिल्याच दिवशी माती केली. तू असतास तर खुर्चीत मागे रेलून हसला असतास आणि मी तुझ्यावर डाफरले असते.

तीनच्या सुमाराला आकडा हलला. मग चढायला लागला. दहा मिनिटांनी परत बघितलं, आणखी चढला होता. मी उठून उभी राहिले.

'आला! सुधीर, आला बघ वारा! माझं बरोबर आलं!'

चांगली मोठ्यानं ओरडले मी. खालून, झेरॉक्सच्या दुकानातून, जिन्यात आवाज आला.

'मॅडम? काही म्हणालात का?'

'नाही,' मी म्हटलं. 'तुम्हाला नाही.'